अरविंद फोटो स्टुडिओतली कुसुम

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याच्या दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर अरविंद फोटो स्टुडिओ होता. तिथे ताजमहालाचा पडदा होता, काश्मीरच्या सरोवराचा पडदा होता, भाड्याचा कोट होता आणि तो कोट कुठल्याही मापाच्या माणसाला बसावा म्हणून मागून लावायच्या टाचण्या होत्या. नव्हता तो फक्त अरविंद.

त्याचं असं झालं. छप्पन सालच्या नोव्हेंबरात नवं मध्य प्रदेश राज्य झालं. नागपूरकडे बघायची सवय लागलेल्या गावाला आता भोपाळकडे मान वळवायची होती. त्याच महिन्यात गिरधरभाऊंना मुलगा झाला आणि त्याच महिन्यात त्यांनी दुकान थाटलं. राज्य नवं, मुलगा नवा, दुकान नवं. पेंटर बोर्ड रंगवायला आला तेव्हा पायरीवर चार वर्षांची कुसुम बसलेली होती. "हिचं नाव टाकू का, भाऊ?" पेंटरने विचारलं. गिरधरभाऊ पोट धरून हसले. पेंटर विनोदी आहे, असं त्यांनी घरी येऊन सांगितलं.

पाचव्या वर्षी कुसुमला देवी आल्या. जीव वाचला, चेहरा गेला. म्हणजे होता जागेवर, पण त्यावर देवीने आपली सही करून ठेवली होती. वडिलांनी मात्र या संकटाचा उपयोग करून घेतला. गावात देवीच्या वणाची माणसं काही कमी नव्हती आणि प्रत्येकाला फोटोत गुळगुळीत गाल पाहिजे होते. गिरधरभाऊंची नजर अधू होत चाललेली. तेव्हा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या पोरीला काचेच्या टेबलाशी बसवलं आणि निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिल चालवायला शिकवलं. गालावरचा खळगा निगेटिव्हवर फटफटीत दिसतो. तो हलक्या रेघांनी भरला की कागदावर गाल भरून येतो. सरावासाठी पहिली निगेटिव्ह कोणाची द्यायची? कुसुमचीच दिली. गिऱ्हाइकाची खराब झाली असती.

पोरगी हुशार निघाली. इतकी हुशार, की तिच्या लग्नाच्या वेळी रावेरकडचं एक स्थळ नुसत्या फोटोवर पसंत झालं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि समोर बसलेल्या कुसुमलाच मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलगी कुठंय?"

पाहुणे गेल्यावर गिरधरभाऊंनी तो फोटो उजेडात धरून पाहिला. मग म्हणाले, "काम फार सफाईचं झालं होतं." बापाकडून मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्रक कुसुमने जपून ठेवलं. त्यानंतर तिने कुठल्याच स्थळाला फोटो दिला नाही, आणि फोटोवाल्याची पोरगी फोटो देत नाही म्हटल्यावर गावाने काय समजायचं ते समजून घेतलं.

अरविंद इंदूरला शिकला, इंजिनिअर झाला, दूर एका पोलादाच्या कारखान्यात लागला. वडील गेल्यावर दुकान कुसुमकडे आलं. गिऱ्हाईक दारातून डोकावून विचारायचं, "अरविंदभाऊ आहेत का?" कुसुम म्हणायची, "जेवायला गेलेत." मग गिऱ्हाईक म्हणायचं, "बरं, तोवर तुम्हीच काढा." अशी वर्षानुवर्षं अरविंदभाऊ जेवत राहिले आणि कुसुम गावाचे फोटो काढत राहिली.

बुऱ्हाणपूर जिल्हा झाला त्याच्या आगेमागे गावात डिजिटल कॅमेरे आले. रोल धुवायला येणारी माणसं आटली. लग्नातसुद्धा नवरदेवाचा चुलतभाऊ खिशातून कॅमेरा काढून कुसुमच्या पुढे उभा राहू लागला. एका दिवाळीत अरविंद बायकोला, शोभाला, घेऊन आला आणि फराळाचं ताट पुढ्यात असतानाच त्याने जाहीर केलं, "ताई, दुकान विकून टाकू. मोबाईलवाला घ्यायला तयार आहे."

"आणि निगेटिव्ह?"

दुकानाच्या मागच्या खोलीत तीन लोखंडी कपाटं भरून निगेटिव्ह होत्या. काचा, फिल्म, रोल. छप्पनपासूनचं अख्खं गाव तिथे उलटं, काळ्याचं पांढरं होऊन झोपलं होतं. मधलं कपाट उघडलं की व्हिनेगरसारखा आंबट वास यायचा. फिल्म मरायला लागली की असा वास येतो, हे कुसुमला माहीत होतं. शोभाला वाटलं, ताई दुकानातच लोणची घालतात.

"डिजिटाईज करू," अरविंद म्हणाला. तो शब्द त्याने इतक्या सहज उच्चारला, जणू चिवड्यावर लिंबू पिळायचं आहे.

कॉम्प्युटर घ्यायला दोघं बहीणभाऊ कौतिककडे गेले. कौतिकचं कॉम्प्युटरचं दुकान त्याच रस्त्यावर. आईबापांनी कौतिक नाव ठेवलं होतं आणि तो ते दुकानातल्या प्रत्येक डब्यावर खर्ची घालत होता.

"ताई, काय करायचंय मशीनवर?"

"निगेटिव्ह स्कॅन करायच्यात."

"मग तर एकदम टॉप पॅकेज देतो. स्पीकर बघा, वूफर सोबत आहे."

"निगेटिव्हला आवाज नसतो," कुसुम म्हणाली.

"पॅकेजमध्येच येतो ना, ताई. और ये देखो, गेम का कार्ड. बंदूक चालली की खरी वाटते."

अरविंदने इंजिनिअरच्या गांभीर्याने हे कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला. रॅम किती, हे दोघांनाही विचारायचं सुचलं नाही. कौतिकने सांगितलं, "भरपूर आहे." हार्ड डिस्क किती मोठी? "आयुष्यभर पुरेल." कोणाचं आयुष्य, हे त्याने उघड केलं नाही. स्कॅनर निवडला कुसुमने. दोन होते. एक जाडजूड, कुरूप झाकणाचा; दुसरा सडपातळ, चंदेरी. कुसुमने सडपातळ घेतला. आयुष्यभर लोकांना दिसण्यावर भुलताना पाहून हसलेली बाई, तीही दिसण्यावरच भुलली.

घरी येऊन तिने पहिली निगेटिव्ह काचेवर ठेवली, झाकण लावलं, बटण दाबलं. पडद्यावर काळी चौकट आली. दुसरी ठेवली. तीही काळी. तिसरी वेगळ्या कोनातून काळी. कौतिकला बोलावलं. त्याने वायर काढून परत खोचली, कारण कॉम्प्युटरच्या धंद्यात हाच पहिला उपचार असतो, आणि म्हणाला, "ताई, तुमची निगेटिव्हच काळी आहे."

तेव्हा कुठे कुसुमच्या डोक्यात उजेड पडला, आणि उजेडाचाच मुद्दा होता. कागदावरचा फोटो खालून उजेड मारला की दिसतो. निगेटिव्हमधून तो आरपार गेला पाहिजे. अंधाऱ्या खोलीत हयात गेली, बल्ब फिल्मच्या मागे असतो हे झोपेतही माहीत, आणि दुकानात चंदेरी रंग पाहून तेच विसरली. त्या जाडजूड स्कॅनरच्या झाकणात दिवा होता. म्हणून तो जाड होता.

स्कॅनर बदलून आला. आता प्रश्न पडला, किती बारकाईने स्कॅन करायचं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत नऊ हजार सहाशे लिहिलेलं होतं. एका इंचात नऊ हजार सहाशे ठिपके. कौतिक म्हणाला, "जे जास्तीत जास्त आहे तेच लावा, ताई. पैसे कशाला भरले?" हे तत्त्व कुसुमला पटलं. तिने वडिलांच्या काळातली चौकोनी मोठी निगेटिव्ह ठेवली, नऊ हजार सहाशे लावले, रंगही सगळ्यात खोल लावले, निगेटिव्ह काळीपांढरी असली तरी. बटण दाबलं.

स्कॅनर कण्हू लागला. सकाळी लावलेलं काम, तिने भाजी चिरली, भाकऱ्या केल्या, जेवून भांडी घासली, तरी पट्टी निम्म्यावरच. पडद्यावर वाळूचं घड्याळ थांबलं ते थांबलंच. माऊस हलेना. कौतिकने दिलेली "भरपूर" रॅम संपली होती, आणि एका फोटोच्या फाईलने आयुष्यभराच्या हार्ड डिस्कवर हातपाय पसरायला सुरुवात केली होती. चहाच्या वेळेला लाईट गेली आणि सगळ्यांचीच सुटका झाली.

"ताई, तू पण ना!" अरविंद म्हणाला. "स्टँडर्ड तीनशे असतं. आमच्या ऑफिसात सगळे कागद तीनशेवर स्कॅन होतात. छापखानेसुद्धा तीनशेच मागतात."

हे अगदी खरं होतं. फक्त ऑफिसातले कागद वीतभर असतात आणि निगेटिव्ह दोन बोटांची, एवढा फरक होता, आणि तो दोघांपैकी कोणालाच दिसला नाही. अरविंदने तीनशे लावले. खट्, फोटो आला. पुन्हा खट्, दुसरा आला. पडद्यावर नीटस, स्वच्छ, उलट्याचं सुलट होऊन. कुसुम चष्मा लावून जवळ बसली होती, तीही म्हणाली, "छान दिसतंय रे." अरविंदला आयुष्यात पहिल्यांदा अरविंद फोटो स्टुडिओचं काम सापडलं. सुट्टी वाढवून तो खटाखट बसला. पहिलं कपाट अख्खं झालं आणि ते सगळं दोन सीड्यांत मावलं. गावाची इतकी वर्षं दोन सीड्यांत मावली याची दोघांना शंका यायला हवी होती. आला तो अभिमान.

हिवाळ्यात कुसुम खंडव्याला मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली. तेवढ्यात अरविंद दुकान विकण्याच्या कागदपत्रांसाठी येऊन गेला. कुसुम परत आली तेव्हा कपाटं घरी आणून मागच्या खोलीत लावलेली होती, कुलपासकट. भावाने एवढी हमाली केली म्हणून तिला भरूनही आलं.

त्याच सुमाराला गावातल्या एका गौरव समितीने प्रजासत्ताक दिनासाठी जुन्या बुऱ्हाणपूरचं मोठं फ्लेक्स लावायचं ठरवलं. समितीचे अध्यक्ष अनंतराव, निवृत्त हेडक्लार्क. गौरवाची फाईल त्यांच्याकडेच होती. ते स्वतः कुसुमकडे आले. छप्पनच्या नोव्हेंबरात नव्या राज्याच्या आनंदात शनवाऱ्यात मिरवणूक निघाली होती, तिचा फोटो त्यांना हवा होता. मिरवणुकीत झेंडा धरलेला माणूस म्हणजे अनंतरावांचे वडील. गौरव गावाचा होता, वडील योगायोगाने त्यात होते.

कुसुमने सीडीवरून फाईल काढून दिली.

सव्वीस तारखेला सकाळी चौकात फ्लेक्सवरचं कापड दूर झालं. टाळ्या सुरू झाल्या, आणि मध्येच अशा विरल्या जशी कोणी तोटी बंद करावी. अर्धा मजला उंच फ्लेक्सवर करड्या चौकोनांची फरशी घातलेली होती. लांबून डोळे बारीक केले तर मिरवणूक असावी असा संशय येत होता. झेंडा ओळखू येत होता, कारण तो चौकोनीच होता. त्याखाली, अनंतरावांच्या वडिलांच्या जागी, वेगवेगळ्या छटांचे आठदहा चौकोन उभे होते.

अनंतराव माइकवर म्हणाले, "माझे वडील... आपल्याला समोर दिसतच आहेत."

गर्दीतून कोणीतरी विचारलं, "कौनसे वाले चौकोन?"

कुसुम तिथून निघाली ती सरळ घरी. तीनशेचा खोटेपणा आता तिला लख्ख दिसला होता. चिंता नव्हती, निगेटिव्ह होती ना. पुन्हा नीट स्कॅन करता येईल. तिने पहिल्या कपाटाचं कुलूप उघडलं.

कपाट रिकामं होतं. तळाशी एक डांबरगोळी होती.

तिने अरविंदला फोन लावला. "पहिल्या कपाटातल्या निगेटिव्ह कुठे आहेत?"

"त्या? त्या दिल्या ना भंगारवाल्याला. चांदी निघते म्हणे त्यातून. अगं, स्कॅन झालं होतं ना सगळं! दोन सीड्या मी तुझ्या टेबलावरच ठेवल्यात."

कुसुमने फोन ठेवला. काही बोलली असती तर त्याला पुढच्या राखीपर्यंत पुरलं असतं. ती चपला घालून सिंधीपुऱ्याकडे निघाली.

सिंधीपुऱ्यातल्या एका गल्लीच्या टोकाला भंगाराची वखार होती. मालकाचं नाव दगा. जुन्या एक्स-रेच्या फिल्म आणि निगेटिव्ह कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवायच्या, वरचा थर सुटला की त्यातून चांदी काढायची आणि उरलेलं प्लॅस्टिक पुढे विकायचं, हा त्याचा जोडधंदा. अंगणात तारेवर फिल्मच्या पट्ट्या वाळत होत्या. कुसुमने एक हातात घेऊन उन्हाकडे धरली. पट्टीतून स्वच्छ निळं आभाळ दिसलं. माणसं धुऊन गेली होती.

"बाई, क्या देख रहे?" दगा आतून आला.

"माझं कपाट."

"वो स्टुडिओवाला माल? तुमच्या भावानेच दिला. मी विचारलं होतं बरं, पक्का ना? बोले, पक्का."

"किती उरलंय?"

दगाने मान खाजवली. "टाकी गळायला लागली, बाई. म्हणून काम थांबलं. नाही तर काहीच राहिलं नसतं." त्याने कोपऱ्यातली दोन पोती दाखवली. कुसुम तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली आणि पोत्यात हात घालून एकेक पाकीट उन्हात धरून पाहू लागली. दगा थोडा वेळ उभा राहिला, मग स्वतःही पोत्याशी बसला. "यह तो हमारे मोहल्ले का पंगत है," तो एका पट्टीकडे पाहून म्हणाला. मग दुसरी पाहिली. मग त्याने ती पट्टी पाकिटात परत घालताना दोन बोटांनी कडेला धरली, जशी कुसुम धरत होती तशी. पोती त्याने आपल्याच हातगाडीवर टाकून घरी पोहोचवली आणि वाटेत तीनदा सांगितलं की त्याचा काही दोष नाही. नव्हताच. नावाने दगा, पण दगा देण्याचं खातं घरातल्या माणसाने सांभाळलं होतं.

मिरवणुकीची निगेटिव्ह पोत्यांत मिळाली नाही. साठ-सत्तरमधली कितीतरी वर्षं मिळाली नाहीत.

चार दिवसांनी अरविंदचा फोन आला. इंजिनिअर माणूस, त्याला पश्चात्ताप झाला की तो गणित मांडतो. "ताई, मी हिशोब केला. चूक कुठे झाली माहितीये? तीनशे कागदावर पाहिजेत, फिल्मवर नाही. आधी ठरवायचं, छापायचा कागद केवढा. मग बघायचं, फिल्म केवढी. कागद फिल्मच्या जितका पट मोठा, तितक्या पटीत तीनशे वाढवायचे. छोट्या रोलच्या निगेटिव्हवरून पाटीएवढा फोटो काढायचा तर दोन हजार चारशे तरी लागतात. चौकोनी मोठ्या फिल्मला त्याच्या निम्मे पुरतात. काचेला आणखी कमी."

"आणि नऊ हजार सहाशे?"

"ते फसवं आहे. तेवढं मशीनला दिसतच नाही. मधले ठिपके ते मनाने भरतं."

"म्हणजे पेन्सिल चालवतं," कुसुम म्हणाली. "आणि काय रे, हा गुणाकार तुला भंगारवाल्याच्या आधी सुचला असता तर?"

पलीकडे हिशोबाचा कागद चुरगळल्याचा आवाज आला. मग अरविंद म्हणाला, "मी रॅम पाठवतोय. आणि दुसरी हार्ड डिस्क. आणि लाईट गेली तर मशीन चालू ठेवायची ती बॅटरी." बहिणीची माफी मागण्याची त्याची हीच पद्धत होती. दुकानात मिळणाऱ्या वस्तूंमध्ये. कुसुमने ती स्वीकारली, कारण वस्तू लागणार होत्या.

कौतिकने रॅम बसवली. आधीची कमी होती हे मान्य न करता म्हणाला, "आता तर मशीन उडेल, ताई." वूफर परत घेशील का विचारल्यावर त्याला एकदम दुसरं काम आठवलं. कुसुमने वूफरवर निगेटिव्ह पाहायची, आत दिवा असलेली काचेची पेटी ठेवली. उंचीला बरोबर बसली.

मग ती कामाला लागली. काळीपांढरी निगेटिव्ह काळीपांढरीच घ्यायची, उगीच रंग ओढायचे नाहीत. रोलला दोन हजार चारशे, चौकोनीला बाराशे. पण मोठा घोळका असेल आणि चेहरे तांदळाएवढे असतील, तर चौकोनीलासुद्धा दुप्पट. प्रत्येक फाईल दोन डिस्कवर आणि शिवाय डीव्हीडीवर. आंबट वासाचं कपाट आधी. आणि काम झालं तरी एकही निगेटिव्ह घराबाहेर जाणार नाही. हा शेवटचा नियम तिने अरविंदला फोनवर दोनदा म्हणून दाखवायला लावला.

जास्त बारकाईचे तोटेही होते. एकदा वकिलांच्या सरुबाई आपला लग्नातला फोटो पाहायला आल्या. गावात अजून त्यांच्या रूपाची आठवण काढत, मुख्यतः त्याच. कुसुमने पडद्यावर फोटो उघडला. सरुबाईंना जवळून पाहायचा होता, म्हणून मोठा केला. त्यांना आणखी जवळून पाहायचा होता. आणखी मोठा केला. तशी गालांवर, हनुवटीवर, नाकाच्या शेंड्याशी बारीक बारीक रेघांची जाळी उगवली, जसं शेत नांगरावं.

"अगं बाई! हे काय खरवडून ठेवलंय?"

"तुमचं सौंदर्य," कुसुम म्हणाली. "मीच भरलंय. दीड दिवस लागला होता."

सरुबाई उठल्या आणि चहा न घेता गेल्या. कुसुम मात्र पडद्यासमोर बसून राहिली. त्या रेघा तिच्या विशीतल्या होत्या. हात कसा स्थिर होता तेव्हा! एका रेघेवर दुसरी रेघ चढलेली नाही. सगळ्या गावाचे गाल तिने असे भरून दिले होते आणि गाव ते आपलेच समजून वागत होतं. तिला हसू आलं, आणि मग तिने तो फोटो होता त्या आकारावर आणला. तिथून सरुबाई खरंच सुंदर दिसत होत्या.

उन्हाळ्यात एके दुपारी मथुराबाई आली. तापीकाठच्या एका खेड्यातली, केळीवाल्यांच्या घरातली, साठी ओलांडलेली. शनवाऱ्यात मोबाईलच्या दुकानात जाऊन तिने "अरविंदभाऊ" विचारला होता आणि तिथल्या पोराने तिला घर दाखवलं होतं.

"जेवायला गेलेत," कुसुमच्या तोंडून सवयीने निघून गेलं. मग म्हणाली, "बसा. मीच पाहते."

मथुराबाईचा नवरा उखर्डू महिन्यापूर्वी वारला होता. घरात त्याचा एकच फोटो, मतदानाच्या कार्डावरचा. "त्यात तो धरून आणल्यावानी दिसते," मथुराबाई म्हणाली. "लगन झालं त्या साली तुमच्या दुकानात आलतो आम्ही. त्याले कोट घातला होता तुमच्या बापानं. तो मोठा करून द्या. भीतीवर लावाले."

कुसुमने साल विचारून घेतलं. त्या सालची सगळी पाकिटं दगाच्या टाकीत गेली होती. तरी तिने सीडी लावली, नावं पाहिली आणि फोटो सापडला. काश्मीरच्या सरोवरापुढे उखर्डू, अंगात भाड्याचा कोट, खांदे उंच करून. शेजारी कोवळी मथुराबाई, कॅमेऱ्याकडे न बघता कोटाकडे बघत असलेली.

मथुराबाईने पदर तोंडाला लावला. "हाच. हाच तो. मोठा करा, बाई."

कुसुमने खोटं बोलायचं टाळलं. तिने मोठा करून दाखवला. उखर्डूच्या नाकाच्या पायऱ्या झाल्या, डोळ्यांचे चौकोन झाले, मिशी विटांची झाली.

"आता कुठी गेला?" मथुराबाईने घाबरून विचारलं.

"इथेच आहे. पण जवळ गेलं की नाहीसा होतो."

मथुराबाईने पडद्याकडे नीट पाहिलं. "मंग तोच हाये," ती म्हणाली.

कुसुमला हसावं की नाही कळेना, तोवर मथुराबाईच फिस्सकन हसली, आणि मग दोघी हसल्या. हसता हसता मथुराबाईचे डोळे वाहू लागले आणि ती ते पुसेना. कुसुमने तिला पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. फिल्म भंगारात गेली, भावाने दिली, स्कॅन केलं होतं ते अपुरं होतं, आणि ते अपुरं असताना आपणही शेजारी बसून छान आहे म्हणत होतो.

"भाऊ सख्खा का?"

"सख्खा."

"मंग इकीनच," मथुराबाई म्हणाली. सख्ख्या भावाने विकलं, म्हणजे जगात नवीन काही घडलं नव्हतं.

कुसुमने त्या फोटोला सोसेल तेवढाच आकार दिला, तळहातावर मावेल एवढा. त्या आकारात तो लख्ख होता. कोटाच्या बाहीआडून मागची टाचणी जराशी चमकत होती, तीही दिसत होती. कुसुमने ती पुसून टाकायचा विचार केला आणि राहू दिली. "भिंतीवर नाही शोभणार," ती म्हणाली. "याहून मोठा केला तर मोडेल."

मथुराबाईने तो हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला. "भीत भरून कधी व्हता तो? एवढाच होता." मग ती थांबली आणि विचारलं, "माह्या तोंडावर इतका उजेड कसा?"

"बाजूला पांढरा पडदा धरला होता," कुसुम म्हणाली. आयुष्यात तिने शेकडो बायकांना दिलेलं हे उत्तर होतं, आणि या वेळी ते खरं होतं.

मथुराबाई फोटो कमरेच्या पिशवीत ठेवून उठली. दारात वळून म्हणाली, "तुमच्या भाऊले जेवण झालं की सांगजा, फोटो चांगला निंघाला."

"सांगते," कुसुम म्हणाली.

आत स्कॅनरची पट्टी शेवटपर्यंत येऊन थांबली होती. पडद्यावर त्र्याहत्तर सालची कुठलीशी वरात होती, छोट्या रोलवरची, दोन हजार चारशेवर. नवरदेव घोड्यावर ताठ, घोडा कंटाळलेला. मागच्या गर्दीत एक माणूस सगळ्यांकडे पाठ करून जिलेबीचं पातेलं झाकून ठेवत होता आणि झाकता झाकता एक तोंडात घालत होता. कुसुमने खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि तो कोण ते ओळखायला बसली.